आईचं बीपी ११०/७०, मग रिपोर्टात फुप्फुसाचं बीपी ७२ कसं?

मिरजेचा_बाळ्या
नमस्कार मंडळी, मी इथे एरवी वाचनमात्र, पण आज लिहायची वेळ आलीये. आई ५२ वर्षांची, घरचं सगळं, शेतात थोडंफार आणि गावच्या भजनी मंडळात गाते, म्हणजे गायची. तीन-चार वर्षं झाली, देवळाचा चढ चढताना धाप लागायची, रात्री आडवी झाली की खोकला, एकाच्या दोन उशा झाल्या मग तीन. गावातल्या डॉक्टरांनी दमा म्हणून पंप दिला, कधी बरं वाटायचं कधी नाही, आम्हीपण चुलीचा धूर आणि वय असं धरून बसलो. मग कार्तिकात आवाज बसला. वाटलं काकडा म्हणून म्हणून बसला असेल. हळददूध, गुळण्या, ज्येष्ठमध सगळं झालं, दोन महिने झाले तरी घोगराच. शेवटी कानाघशाच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी दुर्बीण घालून बघितलं तर डाव्या बाजूचा स्वरतंतू हलतच नाही म्हणे, छातीचा एक्सरे काढला आणि तो बघून थेट हार्टवाल्यांकडे चिठ्ठी. घसा दाखवायला गेलो आणि टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून आलो.

रिपोर्टात लिहिलंय मायट्रल झडप ०.९ चौरस सेंमी, सिव्हिअर एमएस (मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे झडप अरुंद झालीये म्हणे), माइल्ड एमआर, मॉडरेट टीआर (म्हणजे दोन झडपा गळतात म्हणे), आणि खाली पीए, म्हणजे फुप्फुसाच्या धमनीचं, प्रेशर ७२, सिव्हिअर पल्मनरी हायपरटेन्शन. आता आईचं बीपी आयुष्यात कधी वाढलेलं नाही, त्याच दिवशी दंडाला पट्टा लावून ११०/७० आलं होतं. मग हे ७२ कुठलं? बीपीची गोळी चालू करून हे उतरत नाही का? डॉक्टर म्हणतात फुग्याने झडप उघडू, त्याआधी घशातून नळी घालून गुठळी आहे का बघू. घरात मामा म्हणतोय घाई करू नका, आधी औषधाने बीपी कमी करा मग बघू. कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

खारी_बिस्कीट
वाचतेय. काळजी घ्या, आईंना आराम पडो.

एको_रूमवाली
दादा, मी रोज हेच काम करते म्हणून लिहितेय, रिपोर्टाचा अर्थ मात्र तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

दंडाला पट्टा बांधून जे मोजतात ते हृदयाच्या डाव्या बाजूकडून अख्ख्या शरीराला जाणाऱ्या रक्ताचं प्रेशर. फुप्फुसाचा नळ वेगळा आहे, तो उजव्या बाजूने सुटतो आणि त्याचं प्रेशर मुळातच कमी असतं, साधारण २५/१० च्या आसपास. म्हणजे दंडातलं ७२ काहीच नाही पण फुप्फुसातलं ७२ म्हणजे जवळजवळ तिप्पट. आणि घरातल्या बीपीच्या मशीनला ते कधीच दिसणार नाही, म्हणून इतकी वर्षं तुम्हाला पत्ताच नाही. रोज दोन तरी नातेवाईक माझ्याशी भांडतात, अहो मॅडम मशीन चुकलंय तुमचं, सकाळीच चेक केलंय.

हा आकडा येतो कसा तेही सांगते. उजव्या बाजूची झडप थोडी गळत असते, त्या गळतीची धार किती वेगाने मागे येते ते आम्ही डॉपलरवर बघतो. समजा वेग सेकंदाला ४ मीटर आला, तर चाराचा वर्ग १६, गुणिले ४ म्हणजे ६४, त्यात उजव्या वरच्या कप्प्याचं अंदाजे ८ मिळवलं की झाले ७२. म्हणजे हा अंदाज आहे, आज ७२ उद्या ६५ आलं तर हुरळून जाऊ नका आणि ७८ आलं तर घाबरू नका, पेशंट कसा झोपलाय, धार नीट पकडली का, सगळ्यावर असतं ते.

वारणाकाठ
पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढली, हृदयातलं कळत नाही पण पाण्यातलं कळतं. बाळ्या, धरणाचा फुगवटा माहितीये ना? खाली पाणी सुटत नसलं की पाणी मागे चढत जातं आणि दहा कोस लांबच्या गावाच्या वेशीत येतं. त्या गावचा माणूस म्हणतो आमच्याकडे पाऊस नाही मग पाणी आलं कुठनं. तुझ्या आईच्या झडपेचं दार उघडत नाही म्हणून रक्त मागे फुप्फुसात तुंबतंय, असंच आहे ना डॉक्टरलोक? आणि तसं असेल तर मामाला सांग, फुगवट्यातलं पाणी बादलीने उपसत नाहीत, खालचं दार उघडतात.

एको_रूमवाली
वारणाकाठ काका, हे मी उद्यापासून पेशंटना सांगणार, तुमची परवानगी गृहीत धरून :)

डॉ_रात्रपाळी
काकांनी निम्मं काम केलंय माझं. फुगवटा अगदी बरोबर. मायट्रल म्हणजे डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामधली झडप, चांगली असली की ४ ते ६ चौरस सेंमी उघडते, १.५ च्या खाली गेली की सिव्हिअर धरतात, तुमच्या आईंची ०.९ आहे. डावा वरचा कप्पा तुंबतो, त्याच्या मागे फुप्फुसाच्या शिरा तुंबतात, बारीक वाहिन्यांतून पाणी फुप्फुसात झिरपतं. दिवसभर पायात उतरलेलं पाणी आडवं झालं की वर येतं म्हणून रात्रीचा खोकला आणि तीन उशा. हा दमा नव्हे, पण छातीतून आवाज दम्यासारखाच येतो म्हणून फसगत होते. आपल्याकडे असल्या पेशंटना थुंकीतून रक्त पडलं की टीबी समजून सहा महिने गोळ्या दिलेल्याही मी बघितल्यात.

पण काका, यात दुसरा टप्पा आहे आणि तोच महत्त्वाचा. वर्षानुवर्षं फुगवटा राहिला की फुप्फुसाच्या बारीक धमन्या आक्रसतात आणि त्यांच्या भिंती जाड होतात. म्हणजे शेतात पाणी शिरू नये म्हणून शेतकऱ्याने चारीचं तोंडच बारीक करून टाकावं तसं. त्याने फुप्फुस थोडं कोरडं राहतं, गंमत अशी की काही पेशंट सांगतात धाप जरा कमी झाली हो, आणि त्याच वेळी उजव्या बाजूची वाट लागत असते. तिला त्या बारीक तोंडातून रक्त ढकलायचं असतं, ती फुगते, तिची झडप गळायला लागते, मग पाय सुजतात, लिव्हर भरतं, पोट जड होतं. पहिला टप्पा दार उघडलं की लगेच उतरतो. दुसरा महिनोन्महिने घेतो, आणि फार उशीर केला तर पूर्ण उतरतही नाही. म्हणून 'आधी प्रेशर कमी करा मग झडप बघू' हे उलटं आहे. लघवीची गोळी, ठोके हळू ठेवायची गोळी, मीठ कमी, हे सगळं द्यायचंच, ठोके हळू असले की झडपेतून रक्त उतरायला वेळ मिळतो, पण दाराला त्याने काही होत नाही.

आवाजाबद्दल. डाव्या स्वरतंतूची नस गळ्यात सरळ जात नाही, छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून परत वर येते. फुप्फुसाची मोठी धमनी आणि वरचा कप्पा फुगले की ती तिथे चेपते. व्हिएन्नाच्या ऑर्टनर नावाच्या डॉक्टरने १८९७ मध्ये मायट्रल स्टेनोसिसच्या पेशंटमध्ये हे लिहून ठेवलंय. पुस्तकात सगळे वाचतात, प्रत्यक्षात मी दोनच बघितले. तुमच्या कानाघशाच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी नुसत्या घशाच्या गोळ्या देऊन पाठवलं नाही.

एक विचारतो, आईंना लहानपणी सांधे सुजण्याचा त्रास झाला होता का?

मिरजेचा_बाळ्या
डॉक्टर, अंगावर काटा आला वाचून. आत्ता आईला विचारलं. ती म्हणते पाचवीत असताना आधी गुडघा, तो बरा झाला की घोटा, मग मनगट असं फिरत फिरत सुजायचं, ताप होता, महिनाभर शाळा बुडाली. आजीने संधिवात म्हणून लेप लावले आणि बरं झालं म्हणून विषय संपला. त्याचा आणि याचा संबंध आहे का? चाळीस वर्षं झाली की हो त्याला.

डॉ_रात्रपाळी
तोच संबंध. पाच ते पंधरा वयात स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूने घसा धरतो, शरीर त्याच्याशी लढायला जे तयार करतं ते चुकून स्वतःच्या सांध्यांवर आणि हृदयावर जातं, यालाच संधिवाती ताप म्हणतात. सांधे खडखडीत बरे होतात, मागे काही राहत नाही. झडप मात्र आतल्या आत जाड होत, कडेने एकमेकीला चिकटत जाते आणि वीस-तीस-चाळीस वर्षांनी दार लागतं. जुने फ्रेंच डॉक्टर म्हणायचे हा ताप सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो.

काढाप्रेमी
सगळे लगेच कापाकापीवर उतरलेत. अर्जुनसालीचा काढा सकाळ संध्याकाळ, सोबत अनुलोमविलोम, माझ्या मेव्हण्याचं हार्ट एकदम ओके झालं. ऍलोपथीवाले घाबरवतात फक्त.

वारणाकाठ
मेव्हण्याला झडपेचा आजार होता का?

काढाप्रेमी
गॅसेसचा होता बहुतेक. पण छातीतच दुखायचं.

वारणाकाठ
:) गंजून बसलेलं दार काढा पाजून उघडत असतं तर मी एवढी वर्षं वंगणाची बिलं कशाला पास केली असती.

पुणेरी_पाटी
अवांतर नको. मला वेगळं विचारायचंय. माझ्या काकांना झडप बदलून तीन वर्षं झाली तरी फुप्फुसाचं प्रेशर ५० च्या पुढेच. ओळखीतल्या एकांनी व्हॉट्सऍपवर पाठवलंय की सिल्डेनाफिल घ्या, हो तीच ती निळी गोळी, फुप्फुसाच्या बीपीवर रामबाण म्हणे. केमिस्ट द्यायलाही तयार आहे. घ्यावी का?

डॉ_रात्रपाळी
नको! काकांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. त्या गोळीला फुप्फुसाच्या बीपीसाठी मान्यता आहे हे खरं, पण ते बीपी वेगळं, ज्यात आजार धमन्यांमध्येच सुरू होतो. फुप्फुसाच्या बीपीचे पाच गट आहेत आणि डाव्या बाजूच्या हृदयामुळे होणारा गट दुसरा, आपला सगळा धागा या दुसऱ्या गटाचा आहे. स्पेनमध्ये नेमका तुमच्या काकांसारख्या लोकांवर अभ्यास झाला, झडपेचं ऑपरेशन नीट झालंय पण प्रेशर राहिलंय असे २०० पेशंट, निम्म्यांना सहा महिने ४० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा सिल्डेनाफिल, निम्म्यांना खोटी, म्हणजे आत औषध नसलेली, गोळी. गोळी घेतलेल्यांची तब्येत खोटी गोळीवाल्यांपेक्षा जास्त बिघडली, हार्ट फेल्युअर होऊन ऍडमिट व्हावं लागण्याचं प्रमाण वाढलं. सिओवॅक नाव त्या अभ्यासाचं, २०१८ मध्ये छापून आला.

आणि झडप अजून बंदच आहे अशा माणसाला चारीचं तोंड मोठं करून दिलं तर काय होईल हे वारणाकाठ काकाच सांगतील.

वारणाकाठ
शेत बुडेल. दार बंद, वरनं आवक वाढवली.

पुणेरी_पाटी
बापरे. धन्यवाद डॉक्टर, आत्ता फोन करून काकूला सांगितलं. गोळ्या आणलेल्या होत्या हो, एक पट्टी.

निवृत्त_सिस्टर
सरकारी दवाखान्यात ३४ वर्षं नोकरी झाली माझी. बाळ्या, मी तुला एक सांगते ते विसरू नकोस, झडप उघडली तरी पेनिसिलिनचं इंजेक्शन सोडायचं नाही. १२ लाख युनिटचं, दर २१ दिवसांनी. जंतू परत घशात आला की परत झडपेवर हल्ला होतो. पोरं बरं वाटलं की येत नाहीत, दुखतं म्हणून. दुखतंच ते, औषध खडूच्या पाण्यासारखं दाट असतं, बारीक सुईतून उतरत नाही, मी बाटली दोन्ही तळव्यांत धरून गरम करायची आणि अगदी सावकाश द्यायची, गोष्ट सांगत सांगत. रिऍक्शनचं मात्र बघावं लागतं, दवाखान्यातच घ्यायचं, घरी बोलावून नाही. किती वर्षं घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील, झडप खराब झालेल्यांना चाळिशीपर्यंत तरी देतात, काहींना पुढेही.

आणि आमच्या काळात बलून नव्हता. डाव्या छातीखालून बरगड्यांतून आत जाऊन सर्जन बोट घालून झडप मोकळी करायचे, हृदय धडधडत असताना! माझ्या सख्ख्या मावशीला तसं केलं होतं १९७८ मध्ये, छातीखाली अर्धगोल व्रण होता, पुढे २३ वर्षं ठणठणीत राहिली, मग परत चिकटली. तेव्हा उघडलेली झडप परत चिकटू शकते हे धरून चालायचं, दरवर्षी एको.

गोदाकाठची
मीपण विचारू का, रडायला येतंय. माझी धाकटी बहीण २४ वर्षांची, पहिलंच बाळ, सातवा महिना लागलाय. एकाएकी धाप लागायला लागली, रात्री बसून काढते. सासरचे म्हणतात पोट वाढलं की लागतेच. काल एको झाला तर हेच निघालं, एमएस, झडप १.१, प्रेशर ६०.

डॉ_रात्रपाळी
ताई, हे पोट वाढल्याचं नाही. गरोदरपणात शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि २८ ते ३२ आठवड्यांत ते सगळ्यात जास्त असतं, वर ठोकेही वाढतात. इतके दिवस अरुंद दारातून कसंबसं निभावलं ते नेमकं आता निभत नाही. वेळ घालवू नका, जिथे हार्टचे आणि बाळंतपणाचे डॉक्टर एकाच छताखाली आहेत अशा मोठ्या हॉस्पिटलात आजच न्या. औषधांनी भागलं नाही तर या महिन्यातही बलून करता येतो, पोटाला शिशाचा ऍप्रन गुंडाळून करतात. आणि बाळंतपणानंतरचे पहिले दोन दिवससुद्धा धोक्याचे असतात, गर्भाशयातलं रक्त एकदम परत अंगात येतं, तेव्हा लगेच घरी आणू नका.

गोदाकाठची
निघतोय आत्ता.

निवृत्त_सिस्टर
पोरी, गाडीत तिला आडवी झोपवू नकोस, टेकून बसव. आणि रिपोर्टची फाईल हातात ठेव, डिकीत नको.

टेक्सासची_ताई
धागा एका दमात वाचला. इकडे हा आजार इतका कमी दिसतो की सासूबाई आलेल्या असताना दाखवायला नेलं तर डॉक्टरांनी त्यांची परवानगी घेऊन आठ-दहा शिकाऊ मुलं बोलावली, एकेकजण स्टेथो लावून ऐकतोय आणि सासूबाई मला मराठीत विचारतायत, ही सगळी काय दर्शनाला आलीत का. त्यांचे ठोके अनियमित आहेत, रक्त पातळ करायला वॉरफरिन चालू आहे, दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याची टेस्ट. त्यावर नवीन गोळ्या आल्यात ना ज्यांना टेस्ट लागत नाही, त्या का देत नाहीत?

डॉ_रात्रपाळी
कारण याच आजारात त्या तपासून झाल्यात. २०२२ मध्ये इन्व्हिक्टस नावाचा अभ्यास आला, २४ देशांतले साडेचार हजारांवर पेशंट, सगळे संधिवाती तापाने झडप गेलेले आणि ठोके अनियमित असलेले. सगळ्यांना वाटलं होतं नवीन गोळी निदान बरोबरीत तरी राहील. उलटं झालं, जुन्या वॉरफरिनच्या जातीच्या गोळ्यांवर मृत्यू कमी झाले. तेव्हा आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवा आणि पालेभाजी रोज साधारण सारखीच खाऊ द्या, एक आठवडा मेथी-पालक आणि दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही असं नको.

एको_रूमवाली
बाळ्यादादा, पैशाचं बघितलंत का? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बलूनही बसतो आणि झडप बदलणंही. ज्या हॉस्पिटलात योजना आहे तिथे आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना गाठा, ऍडमिट झाल्यावर नाही.

मिरजेचा_बाळ्या
(पाच आठवड्यांनी)
मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा. बलून झाला. योजनेतूनच झाला, एका सहीसाठी दोन दिवस हेलपाटे पडले तेवढेच. आदल्या दिवशी घशातून नळी घालून बघितलं, गुठळी नव्हती. मामा शेवटपर्यंत कुरकुरत होता, मी वारणाकाठ काकांचं बादलीचं वाक्य ऐकवलं, तो शेतकरी माणूस, गप्प बसला.

आईला भूल दिलीच नाही, फक्त जांघेत सुन्न केलं. जांघेतल्या शिरेतून नळी वर, मग दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्याला बारीक भोक पाडून डावीकडे, आणि तिथे फुगा फुगवतात, डमरूसारखा दिसतो, पाचेक सेकंद फक्त. इनोऊ म्हणून जपानी सर्जन, त्यांनी १९८२ मध्ये पहिल्यांदा केलं म्हणे. मला गंमत वाटली ती ही की डॉक्टरांनी आईची उंची दोनदा विचारली. सेंटीमीटरमधल्या उंचीला दहाने भागायचं आणि दहा मिळवायचे, आई १५२ म्हणजे साधारण २५ मिमीचा फुगा. आई म्हणते फुगा फुगला तेव्हा एकदम गरगरलं आणि मग कोणीतरी छातीवरचा पाटा काढून घेतल्यासारखं झालं.

नळी आत गेलेलीच होती म्हणून खरं प्रेशरही मोजलं, एकोत ७२ होतं ते आत ६८ भरलं. झडप ०.९ ची १.७ झाली. फुप्फुसाचं प्रेशर दुसऱ्या दिवशी ४८ आणि परवा महिन्याच्या एकोत ४१. डॉक्टर म्हणाले बाकीचं सावकाश उतरेल, सहा महिने द्या. एका उशीवर झोपते आता. पंप मी फडताळात टाकलाय, आई फेकू देत नाही.

आवाज अजून पूर्ण नाही आलेला. पण काल जेवणं झाल्यावर भांडी घासताना खालच्या पट्टीत काहीतरी गुणगुणत होती, मी दारातच थांबलो, आत गेलो असतो तर थांबली असती.

वारणाकाठ
शाब्बास रे बाळ्या. मामाला माझा रामराम.

गोदाकाठची
दादा खूप बरं वाटलं वाचून. बहिणीचापण बलून झाला त्याच आठवड्यात, शिशाच्या ऍप्रनमध्ये. आठवा लागलाय. झोपते आता. डॉक्टर, सिस्टर, तुमचे उपकार कसे फेडू.

डॉ_रात्रपाळी
बाळंतपण त्याच हॉस्पिटलात करा, तेवढ्यात फिटलं सगळं. बाळ्या, आईंचा पुढचा एको सहा महिन्यांनी, आणि ठोके अनियमित वाटले, धडधडलं तर थांबू नका.

मिरजेचा_बाळ्या
हो डॉक्टर. सिस्टर, एक शेवटचं. आईचं पेनिसिलिन आषाढीच्या बरोबर दोन दिवस आधी येतंय. ती चालत जाणार नाही, आम्ही गाडीने पंढरपूरला नेणार आहोत, पण तेव्हा आम्ही तिकडे असू, गर्दीत कुठे घेणार. परत आल्यावर घेतलं तर चालेल का, चारच दिवस पुढे जाईल?

निवृत्त_सिस्टर
पुढे नाही ढकलायचं. निघायच्या आधी घे, तीन-चार दिवस लवकर झालं तर काही होत नाही. आणि ज्या दिवशी टोचशील त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडीत बसव, त्याच दिवशी नको, कंबर दुखते फार.